राघूचे पंख

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत घोडे आहेत, हत्ती आहेत, उंटही आहेत. त्यांनी तोफा ओढल्या, खजिने वाहिले. म्हणून बखरकारांना त्यांची आठवण राहिली. परंतु ओसरीच्या वाशाला टांगलेल्या पिंजऱ्यात बसून ज्याने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरातली भांडणे ऐकली, बारशी आणि लग्ने पाहिली, त्या राघूचा इतिहास कोणी मनावर घेऊन लिहीत नाही. विषय लहान आहे, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. माणसाने ज्याला मोठ्या प्रेमाने देवाचे नाव शिकवले आणि त्याच हाताने ज्याचे पंख कापले, असा प्राणी राघूमैनेवाचून दुसरा सांगता यावयाचा नाही. आणि ते कापलेले पंख पुन्हा पुन्हा उगवत राहिले, ही या इतिहासातली मोठी नवलाची गोष्ट आहे.

या कथेची सुरुवात आमच्या धाराशिव जिल्ह्यातून करण्यास एक निमित्त आहे. जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. गोरोबाकाकांचे तेर म्हणून वारकरी ते ओळखतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक व्यापारी त्याला तगर म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तात, पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, असे लिहिले आहे. तिथले साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून गलबतांत चढे. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीत, पाँपेईच्या ढिगाऱ्यात सापडली. दोघी बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या! रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या अशा वस्तूंतून तेरचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले आहे. दिवाळीच्या सुटीत मुलांना दाखवावे असे ते ठिकाण आहे.

पाँपेई ज्या ज्वालामुखीने इ.स. ७९ मध्ये गाडले, त्याच उत्पातात प्लिनी नावाचा एक थोर रोमन पंडित मेला. या प्लिनीने आपल्या पोपटाविषयी लिहून ठेवले आहे. हिंदुस्थानातून येणारा हा पक्षी अंगाने हिरवा असून त्याच्या गळ्यात तांबडा कंठ असतो; तो बादशहाला मुजरा करतो; मात्र त्याचे डोके इतके कठीण असते, की शिकवताना लोखंडी कांबीने मारावे लागते, असे तो सांगतो. हे वर्णन वाचताच आपण ओळखतो, की हा आपला कंठवाला राघू. प्लिनीच्या आधी सुमारे पाचशे वर्षे, इराणच्या बादशहाच्या पदरी असलेल्या क्टेसिअस या ग्रीक वैद्याने असाच एक हिंदुस्थानी पक्षी वर्णिला होता. तो आपल्या देशची भाषा बोलतो, पण ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलेल, अशी त्याची खात्री होती. शिकंदराचा सेनापती निआर्कस यालाही पोपटाचे मोठे अप्रूप वाटले होते. म्हणजे पश्चिमेकडच्या लोकांनी राघूचे पहिल्यापासून कौतुक केले. पण ते कौतुक त्याच्या जिभेचे.

आपल्याकडे तरी निराळे काय होते? वात्स्यायनाने चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत पोपट आणि मैना यांना बोलावयास शिकवणे ही एक कला. मथुरेजवळच्या भूतेसर येथील कुशाणकालीन खांबावर एक यक्षी कोरली आहे. तिच्या हातात पिंजरा आहे आणि त्यातून सुटलेला पोपट तिच्या खांद्यावर बसून कानाशी काही सांगत आहे. अमरुशतकातल्या एका श्लोकात रात्रीचे पतिपत्नीचे बोलणे घरचा पोपट सकाळी वडील माणसांपुढे बोलू लागतो, आणि लाजेने मेल्याहून मेलेली ती सून कानातले माणिक काढून, डाळिंबाचा दाणा म्हणून, त्याच्या चोचीत कोंबते. मंडनमिश्रांचे घर शोधत आद्य शंकराचार्य आले, तेव्हा ज्याच्या दारी पिंजऱ्यातल्या साळुंक्या-पोपट वेदांच्या प्रामाण्याचा वाद घालीत असतील तेच घर, अशी खूण त्यांना मिळाली, असे शंकरदिग्विजयात आहे. शुकसप्ततीतला पोपट तर सत्तर रात्री सत्तर गोष्टी सांगून मालकिणीला घराबाहेर पडू देत नाही. ती गोष्ट फारसीत 'तूतीनामा' झाली, गोवळकोंड्याच्या गवासीने ती सतराव्या शतकात दख्खनी भाषेत आणली आणि जुन्या मराठीत तिची 'शुकबाहत्तरी' झाली. या साऱ्यांत राघू बोलतो, वाद घालतो, चहाड्या सांगतो, शहाणपण शिकवतो. पण त्याच्या उडण्याकडे कोणाचे लक्ष आहे? पोपट म्हणजे जीभ, हे आपण फार पूर्वीच ठरवून टाकले.

मराठी घरांत राघूला आणखी एक मान होता. पहाटे जात्यावर बसलेल्या आमच्या आजी-पणजींनी ओवीत मुलाला राघू म्हटले आणि मुलीला मैना. लेक परगावी निघाला, की राघू निघाला. सासुरवाशीण माहेरी आली, की मैना आली. ज्या पाखराच्या नावाने पोटच्या पोराला हाक मारायची, तेच पाखरू ओसरीवर पिंजऱ्यात असे आणि त्याला भिजवलेली डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची मिळे. यात लबाडी नव्हती. माया खरीच होती. परंतु खरी माया करणाऱ्या त्याच घरात एक कात्रीही होती. वर्षातून एकदा कोणी तरी राघूला फडक्यात गुंडाळून धरी, पंख पसरी आणि टोकाची मोठी पिसे निम्म्यावर कापून टाकी. 'उडून जाईल बापडा, मांजर खाईल,' असे म्हणून कापी. वर्षातून एकदाच का कापावे लागे आणि पुन्हा का कापावे लागे, याचा विचार मात्र कापणाराच्या मनात येत नसे. या प्रश्नात राघूची सारी कर्मकथा आहे, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

पोपटाच्या प्रत्येक पंखाच्या टोकाला दहा मोठी पिसे असतात. हवेत पुढे नेणारे वल्हे ते हेच. पुरे वाढलेले पीस हे आपल्या नखासारखे, केराटिनचे, निर्जीव असते. त्यामुळे ते कापताना रक्त येत नाही आणि दुखतही नाही. एवढ्यावरून लोक समजतात, की नख जसे कापल्यावर वाढते तसे पीसही कापल्या जागेपासून वाढेल. तसे होत नाही. आमच्या ज्वारीच्या मुलखातल्या वाचकाला हे चटकन समजेल. ऊस तोडला, की बुडख्यातून पुन्हा फुटतो आणि खोडवा उभा राहतो. ज्वारी कापली, की मागे नुसते धसकट राहते. त्या धसकटाला पुन्हा कणीस येत नाही. ते निघून जावे लागते आणि नवे बी रुजावे लागते. कापलेले पीस हे धसकट आहे. ते महिनोन्‌महिने तसेच पंखात रुतून राहते आणि पाखराची पिसे गाळण्याची पाळी येईपर्यंत काही बदलत नाही.

ती पाळी वर्षातून एकदा, विणीचा हंगाम उलटल्यावर येते. आपल्याकडे राघूची वीण हिवाळा सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडी होते. त्यानंतर पिसे झडू लागतात. सगळी एकदम झडली तर पाखरू जमिनीवर पडेल. म्हणून निसर्गाने त्यात मोठी शिस्त ठेवली आहे: पोपटाच्या पंखात पहिले पीस मधले गळते, मग त्याच्या दोन्ही बाजूंची एकेक, असे करीत दोन्ही टोकांकडे पाळी जाते आणि सगळा पंख बदलण्यास काही महिने लागतात. जुना दांडा सुटतो तो खालून नवे पीस वर येत असते म्हणून. हे नवे पीस प्रथम ज्वारीच्या पोग्यासारखे गुंडाळलेले, निळसर म्यानात असते आणि त्याच्यात रक्त खेळत असते. रोज काही मिलिमीटर असे ते वाढते. महिना-दीड महिन्यात एक पीस पुरे होते. मग आतले रक्त आटते, म्यान सुकून कोंड्यासारखे गळते, चोचीने साफ करता करता पीस पात्यासारखे उलगडते.

धोका असतो तो या पोग्याच्या दिवसांत. धड पंखात कोवळ्या पिसाला शेजारची दोन जुनी पिसे आधार देतात. कापलेल्या पंखात शेजारी धसकटे असतात. एकटे वर आलेले ते पीस पिंजऱ्याच्या तारेवर आपटते, मोडते आणि भळाभळा रक्त वाहू लागते. एवढ्याशा जिवाला तेवढे रक्त पुष्कळ होते. ज्यांनी एकाच बाजूचा पंख कापला, त्यांच्या राघूची दशा याहून वाईट. तो उडू पाहतो आणि भोवऱ्यासारखा फिरून छातीवर पडतो. पीस मुळापासून उपटले, तर पाळीची वाट न पाहता नवे लगेच येऊ लागते. पण वारंवार उपटले, की मूळच बिघडते आणि तिथे पुन्हा काही उगवत नाही.

बाराव्या शतकात आमच्या सीमेलगतच्या कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला, त्यात ससाण्यांच्या शिकारीचा विनोद सांगितला आहे. ससाणा पाळणाऱ्याला पंखाची किंमत कळत असे, कारण त्याचे पाखरू उडाले तरच शिकार! तेराव्या शतकातल्या युरोपात फ्रेडरिक दुसरा या बादशहाने ससाण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात मोडक्या पिसाच्या दांड्याला सुईने दुसरे पीस जोडण्याची कृती आहे. आज जखमी पक्ष्यांवर उपचार करणारे तीच युक्ती वापरतात. ससाण्याचे पीस मोडले तर ते जोडायचे आणि राघूचे पीस धड असले तर ते कापायचे. एकाच्या पंखाची माणसाला गरज होती, दुसऱ्याच्या जिभेची. न्याय असा गरजेने ठरला.

इतिहासाच्या दृष्टीने पिसाचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. पीस वाढते ते दिवसाचा हिशेब ठेवीत वाढते. चांगल्या उजेडात तिरपे धरले, तर त्यावर फिकट-गडद आडवे पट्टे दिसतात. साधारणपणे एक जोडी म्हणजे एक दिवस-रात्र. ज्या दिवशी पाखरू उपाशी राहिले, आजारी पडले किंवा भयाने अर्धमेले झाले, त्या दिवसाच्या जागी पिसात एक बारीक, पारदर्शक, दुबळी रेघ उमटते आणि पुढे पीस मोडते ते बहुधा तिथेच. पोपट कशाला, अंगणातल्या कोंबडीच्या गळलेल्या पिसावरही ही रेघ सापडेल. शाळेत शिलालेख शिकवताना मी मुलांना हे सांगतो, की ज्याला लिहिता येत नाही तोही आपली बखर लिहीत असतो, वाचणारा पाहिजे.

आता कोणी म्हणेल, पंख पुन्हा उगवतात ना, मग बिघडले कुठे? बिघडते ते असे, की पीस उगवते, पण उडणे उगवत नाही. उडणे छातीच्या स्नायूंत असते आणि ते स्नायू वापरावाचून झिजून जातात. ते सवयीत असते, आणि घरट्यातून निघताच ज्याचे पंख कापले त्या पिलाला ती सवय लागतच नाही. कसे उतरावे, वाऱ्यात कसे वळावे, फांदी किती दूर आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

जुन्यांपैकी दोघांनी ही गोष्ट ओळखली होती. एक बाणभट्ट. आम्हा कादंबऱ्या लिहिणाऱ्यांच्या धंद्याला ज्या ग्रंथाने नाव दिले, त्या सातव्या शतकातल्या 'कादंबरी'ची कथा एक पोपटच राजाला सांगतो. शाल्मलीच्या झाडावर चढलेला म्हातारा शिकारी घरट्यांतली पाखरे मुरगाळून खाली टाकतो. पंख न फुटलेले हे पिलू बापाच्या पंखाआड राहून वाळल्या पानांच्या ढिगावर पडते आणि वाचते. ऋषींच्या आश्रमात त्याचे पंख वाढतात. पण बाणाच्या मुलाने पुऱ्या केलेल्या उत्तरार्धात पुढे काय होते? पंख आले म्हणून ते आकाशात झेपावते, सवय नसल्याने थोड्याच वेळात थकते, झाडावर झोपी जाते आणि जागे होते ते फाशात! तिथून ते पिंजऱ्यात.

दुसरे ज्ञानेश्वर. इ.स. १२९० च्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्यांनी नळीवरच्या पोपटाचा दृष्टांत दिला आहे. पारधी दोरीत ओवलेली पोकळ नळी टांगून ठेवतो. पोपट तिच्यावर बसला, की त्याच्या भाराने नळी फिरते आणि तो उलटा लोंबतो. कोणी बांधलेले नसते. उडावे तर उडता येते. पण भयाने तो नळीच घट्ट आवळून धरतो, आपण अडकलो असे समजतो आणि खरोखरीच सापडतो. ज्ञानेश्वरांना यातून आत्मज्ञान सांगायचे होते. मला त्यात राघू धरण्याची त्या काळची रीतही दिसते. आणि हेही दिसते, की पंख असून न उडणारे पाखरू या मुलखाने सातशे वर्षांपूर्वीच पाहून ठेवले होते.

मी असे एक पाखरू जवळून पाहिले आहे. उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्या आत्याबाई राहत. त्यांच्याकडे एक कंठवाला राघू होता आणि नव्या पिसांनी पंख भरले, की दर दसऱ्याला त्या कापडाच्या कात्रीने ते कापीत. १९९३ साली दसरा आलाच नाही म्हणायचा. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपतीविसर्जनाचा गुलाल अंगावर असतानाच, लातूर-उस्मानाबादच्या त्या भूकंपाने हजारो माणसे मातीत बांधलेल्या दगडी भिंतींखाली घेतली. आत्याबाईंच्या घराचे माळवद बसले; घरातली दोन माणसे गेली. वाकलेल्या पिंजऱ्यातून राघू मात्र जिवंत निघाला. पत्र्याच्या निवाऱ्यात त्याचा पिंजरा टांगला, तेव्हा दार लागत नव्हते, आणि ते दुरुस्त करण्याचे कोणाच्या मनात नव्हते. पंख पुरे होते, दार उघडे होते. राघू आत बसून राहिला.

त्या थंडीत मी गेलो, तेव्हा तो दांडीवर बसून पंख फडफडवी, पण पाय सोडीत नसे. संक्रांतीनंतर तो एकदा निघाला आणि चार हातांवर पडला. मग हळूहळू बाजेपर्यंत, पत्र्याच्या कडेपर्यंत आणि उन्हाळा लागता लागता समोरच्या लिंबापर्यंत जाऊ लागला. संध्याकाळी परत येई. रानातल्या थव्यात तो कधी मिसळला नाही. लिंबाच्या पलीकडचे जग त्याने पाहिले नाही. पुढचा दसरा आला, तेव्हा शेजारणीने आठवण केली, 'आत्या, औंदा राघूचे पंख कापायचे राहिले.' आत्याबाई म्हणाल्या, 'त्या रातीला दार उघडलं असतं तर माझी दोन माणसं आज असती गं. आता कुणाचं दार लावायला माझा हात जात नाही.' राघू आणखी सहा वर्षे जगला. कात्री निघाली नाही.

आत्याबाईंना कायदा ठाऊक नव्हता. पण कायदा होताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातला कंठवाला राघू, मोठा पहाडी पोपट, लाल डोक्याचा तुईया, हे सारेच संरक्षित आहेत. ते धरणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या सर्व व्यापारालाच बंदी आली. दुकानांतले बजरीगर आणि कॉकाटील परदेशी कुळीचे आहेत, त्यांची गोष्ट निराळी. तरीही चोरून बाजार चालतो. त्यात फास लावणाऱ्या गरीब पारध्याचे नाव पुढे येते. पिंजरा विकत घेणारे हात मात्र आपल्यासारख्या पांढरपेशांचे असतात, हे विसरू नये. २०११ साली गुजरातच्या उच्च न्यायालयापुढे सुरतेचे एक प्रकरण आले. पोलिसांनी जप्त केलेल्या पक्ष्यांचे पंख आणि शेपट्या कापलेल्या होत्या, काहींच्या पंखांना चिकटपट्ट्या होत्या. पक्ष्यांना मोकळे उडण्याचा हक्क आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. २०१५ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयानेही तसेच म्हटले. मुजरा करणाऱ्या जिभेची कीर्ती ऐकून दोन हजार वर्षे झाल्यावर पंखाचे नाव न्यायासनासमोर निघाले.

या निवाड्यांनी आनंदून कोणी आजच घरातला राघू गच्चीवरून सोडून देईल, तर ती दयाही घातकी ठरेल. धसकटे घेऊन सोडलेले पाखरू कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाते. त्याला वनखात्याच्या स्वाधीन करावे. महाराष्ट्रात १९२६ या क्रमांकावर फोन केला, की वनखात्याला कळवता येते. तिथून ते उपचार केंद्रात जाते. तिथे त्याची पिसे गळून नवी येईपर्यंत वाट पाहावी लागते, मग मोठ्या जाळीच्या दालनात उडण्याचा सराव, आणि मग जमले तर रान. महिने लागतात. हे सर्व उशिराने का होईना, साधते. हीच आशेची जागा.

कारण पाखराची जात चिवट आहे. आपल्या याच राघूची पिंजऱ्यांतून निसटलेली भावंडे १९७० च्या सुमारास इंग्लंडात घरटी करू लागली आणि आज लंडनच्या बागांतून त्यांचे हजारोंचे थवे हिंडतात. जो बोलतो म्हणून तिकडे नेला, तो तिकडे उडूनच टिकला. आमच्या तेरच्या शिवारातही ज्वारी हुरड्यावर आली, की सकाळच्या उन्हात हिरवा थवा ओरडत उतरतो. शेतकरी गोफण फिरवतो, शिव्या देतो, आणि थवा उठून दुसऱ्या बांधावर जातो. त्यांची भाषा कोणी शिकवलेली नसते, पंख कोणी मोजलेले नसतात. या दिवाळीनंतर पोरांना घेऊन हुरड्याला जाल, तेव्हा घटकाभर मान वर करून तो थवा पाहा. ओव्यांतला राघू तोच आहे.